‘हायवेवर या, मग कळेल’ म्हणणाऱ्या निपाणीकरांना

नमस्कार दादा,

तुम्ही नाव दिलं नाहीत, खाली नुसतं ‘केए २३’ (चिक्कोडी आरटीओचा नंबर) लिहिलंत. प्रतिक्रियेत तवंदी घाटाचा उल्लेख आहे, त्यावरून निपाणीकर धरून चाललोय. चिक्कोडीचे असाल तर राग मानू नका.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी यामाहा आर१५ व्ही४ आणि केटीएम आरसी २०० या दोन मोटारसायकलींची मित्रामित्रांतली चारशे मीटरची धाव लिहिली होती. बेळगावात खानापूर रोडच्या बाजूला एक लेआउट पडून आहे. एनए (बिगरशेती) झालंय, डांबर पडलंय, घर एकही नाही. मालकाला विचारून, दोन्ही टोकांना माणसं उभी करून आम्ही तिथे गाड्या पळवल्या. पहिल्या फेरीत आरसी जेमतेम दोन गाड्यांच्या अंतरानं पुढे राहिली. यावर तुम्ही लिहिलंत: १५५ सीसीच्या आर१५ ला २०० सीसीच्या आरसीसमोर उभं करणं हाच विनोद; त्यात आरसी एवढीच पुढे म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे, ‘यामाहाचं मीठ खाल्लंय काय?’, चारशे मीटर हा पोरखेळ, खरा वेग हत्तरगी ते काकती हायवेवर कळतो, तुमच्या आरसीनं तवंदी घाटात मीटरवर १५२ दाखवलेत, आणि चेन्नईच्या एका पोराच्या व्हिडिओत हीच गाडी आमच्यापेक्षा लवकर शंभरला जाते.

मिठाचं आधी उरकतो. माझ्या दारात उभी असते ती आठ वर्षं जुनी स्कूटर. शर्यतीतल्या दोन्ही गाड्या मित्रांच्या, पेट्रोल त्यांचं, चहा तेवढा माझा.

आता १५५ आणि २०० चं. हा मुद्दा वजनदार आहे. आपल्याकडे शर्यतीच्या बैलांचेसुद्धा दात बघून गट पाडतात. आदत वेगळा, दुसा वेगळा, चौसा वेगळा. आदत खोंड जनरलमध्ये पळवला तर पंच आधी मालकालाच हाकलतील. पण मोटारसायकलच्या शोरूममध्ये दात बघत नाहीत. तिथे पोरगं बापाला घेऊन येतं आणि त्याच्या डोक्यात ह्याच दोन गाड्या असतात. दोन्हींना पुढून पूर्ण फेअरिंग (वारा कापणारं कवच), दोन्हींत पाणी फिरवून इंजिन थंड करायची सोय, दोन्हींना सहा गिअर. किमतीत फरक आहे, पण कर्ज काढलं की तो हप्त्यात विरघळतो. मला मेल येतात ते ‘आर१५ घेऊ की आरसी’ असेच. म्हणून तुलना ह्या दोघींची.

आणि दादा, तुम्ही एकाच दमात दोन तक्रारी केल्यात. १५५ ला २०० समोर उभं केलं म्हणून अन्याय, आणि १५५ फार मागे राहिली नाही म्हणूनही अन्याय. ती मागे का राहिली नाही, ते मूळ लेखात आहे, पण तुम्ही पहिल्या फेरीपाशीच थांबलात असं दिसतंय. तर परत लिहितो, या वेळी आकड्यांसकट.

कंपनीच्या कागदावर आर१५ ची ताकद १८.४ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप), वजन साधारण १४१ किलो. आरसी २०० ची ताकद २५ पीएस, वजन १६० किलो. नुसती गाडी धरली तर आर१५ च्या प्रत्येक पीएसला ७.७ किलो ओढावे लागतात, आरसीच्या प्रत्येक पीएसला ६.४. फरक मोठा आहे. पण गाडी एकटी पळत नाही. त्या दिवशी आम्ही दोन्ही चालवणाऱ्यांना हेल्मेट-बुटांसकट रताळ्याची पोती जोखायच्या काट्यावर उभं केलं होतं. (काटेवाला म्हणाला, ‘काय गा, आता माणसंबी मार्केट यार्डात घालालास काय?’) आर१५ वरचा पोरगा भरला ५८ किलो. आरसीवरचे आमचे पैलवान ९४. आता गणित मांडा. आर१५ आणि पोरगा मिळून १९९ किलो, म्हणजे पीएसमागे १०.८. आरसी आणि पैलवान मिळून २५४ किलो, म्हणजे पीएसमागे १०.२. सात पॉइंट सात आणि सहा पॉइंट चार मधली दरी एवढीशी उरली. मग दोन गाड्यांचं अंतर पडलं यात काळंबेरं कुठं आलं?

म्हणूनच पुढच्या फेरीत आम्ही माणसं बदलली. पोरगा आरसीवर, पैलवान आर१५ वर. आता आरसीकडे पीएसमागे ८.७ किलो आणि आर१५ कडे १२.८. ही फेरी बघायला मजा आली नाही, कारण बघण्यासारखं काही उरलंच नाही. आरसी अर्ध्या रस्त्यातच मोकळी झाली. हे मी लेखात लिहिलंय, आणि ‘आरसी जास्त वेगवान गाडी आहे’ हे वाक्यसुद्धा त्याच परिच्छेदात आहे. त्यासोबत मी एवढंच म्हटलं होतं की दोस्तांच्या शर्यतीत गाडी ओळखायची असेल तर चालवणारे बदलून बघा, नाहीतर तुम्ही मोजताय ते माणसाचं जेवण. ते मी आजही म्हणतो.

पहिल्या फेरीतली आणखी एक गोष्ट मला जास्त आवडली होती. निशाण पडलं तेव्हा आरसी आधी सुटली. तिचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, १९ न्यूटन-मीटरच्या वर, आर१५ चा १४.२, त्यामुळे खालच्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आर१५ बिचारी धापाच टाकते. पण तिच्या इनटेक व्हॉल्व्हसाठी, म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपांसाठी, कॅमशाफ्टवर (झडपा उघडणाऱ्या दांड्यावर) दोन वेगवेगळे कॅम, म्हणजे उंचवटे, आहेत, एक खालच्या आरपीएमसाठी, एक वरच्या. ७४०० आरपीएमला एक छोटी पिन सरकते, दुसरा मोठा कॅम काम हातात घेतो आणि इंजिन जास्त हवा ओढायला लागतं. मीटरवर तेव्हा ‘व्हीव्हीए’ अशी अक्षरं उजळतात. पोरानं पूर्ण धावेत ती अक्षरं विझू न द्यायचा प्रयत्न केला. दुसरा गिअर त्यानं गिअर बदलायची खूण करणारा दिवा लुकलुकेपर्यंत ताणला, क्लच पुरता दाबलासुद्धा नाही, नुसता बोटांनी स्पर्श करून सोडला. आमचे पैलवान मात्र आरसीला बुलेटसारखं चालवत होते. सात हजारला गिअर वर, पुन्हा सात हजारला गिअर वर. ज्या इंजिनाची पुरी ताकद १०,००० आरपीएमला आहे त्याला सातवर सोडायचं म्हणजे ताटातली पोळी अर्धी टाकून उठायचं. धाव संपल्यावर पोरानं त्यांना विचारलं, ‘अण्णा, एवढ्या लवकर गिअर का टाकलात ओ?’ उत्तर आलं, ‘इंजिन वरडालतं की गा!’ अहो, ओरडण्यासाठीच केलंय ते. बहात्तर मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरची रुंदी) आणि फक्त एकोणपन्नासचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), असं आखूड स्ट्रोकचं इंजिन उंच आरपीएमला खेळायला बनवलेलं असतं.

आता तुमचे १५२.

तवंदी घाट म्हणालात. संकेश्वरकडून निपाणीकडे येताना तो उतरणीचा आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. शंभर मीटरला तीन मीटर एवढाच उतार धरू. गाडी आणि माणूस मिळून अडीचशे किलो, वेग १४०. एवढ्यावर नुसतं गुरुत्वाकर्षण तुम्हाला जवळजवळ ४ पीएस फुकट देतं. म्हणजे तुम्ही २५ पीएसची नव्हे, २९ पीएसची गाडी चालवत होतात. उद्या घाट चढताना मीटर बघा, मग बोलू.

दुसरं, मीटर. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये असा नियमांचा दंडक असतो, थोडं जास्त दाखवलं तर चालतं. कंपन्या अर्थातच जास्तीच्या बाजूला राहतात. त्यात मीटर मोजतो चाकाचे फेरे. टायर झिजला की चाकाचा घेर कमी होतो, त्याच वेगाला फेरे वाढतात आणि आकडा आणखी फुगतो. मोबाइलवर जीपीएस लावून एकदा सपाट रस्त्यावर साध्या ऐंशीच्या वेगात ताडून पाहा. फरक तिथेच दिसेल, १५२ पर्यंत जायची गरज नाही.

तिसरं, वारा. वेग वाढतो तशी हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. आरसीकडे आर१५ पेक्षा ३६ टक्के जास्त ताकद आहे, पण त्यातून वरचा वेग मिळतो फार तर ११ टक्के जास्त, तेही दोघांवर वारा सारखाच आदळतोय असं धरून. टाकीवर पोट टेकून बसलेला बारका पोरगा आणि खांदे उघडे टाकून बसलेला पैलवान यांच्यातच त्यातले निम्मे टक्के संपतात. म्हणून टॉप स्पीड हा मला तुलनेसाठी सगळ्यांत निकामी आकडा वाटतो. तो सांगायला सोपा असतो, एवढंच. गाडीचा स्वभाव कळतो तो चाळीस ते शंभरच्या मध्ये, गिअर बदलताना, आणि तेवढ्याला चारशे मीटर पुरतात. जगभर ड्रॅग रेस पाव मैलाची असते, म्हणजे ४०२ मीटर. पोरखेळ असता तर ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर लोक लाखांच्या गाड्या घेऊन त्यासाठी गेले नसते.

चेन्नईच्या व्हिडिओबद्दल. ते शहर समुद्राच्या काठावर, बेळगाव साधारण साडेसातशे मीटर उंचीवर. इथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा आठ टक्क्यांच्या आसपास कमी असतो आणि इंजिनाला त्या प्रमाणात कमी ऑक्सिजन मिळतो. फ्युएल इंजेक्शन पेट्रोल मापात टाकतं, हवा कुठून आणणार? चेन्नईचा उकाडा त्यातलं थोडं परत काढून घेतो, पण थोडंच. म्हणून तिथले सेकंद इथे लावू नका. दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, एकाच सकाळी पळाल्या तर हवा दोघींना सारखीच पातळ, आणि तुलना शाबूत राहते. (एक्झॉस्ट बदललाय असंही तुम्ही लिहिलंत. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो. वाटतो.)

राहिलं हत्तरगी ते काकती. येणार नाही. घाबरलो असं समजायचं तर खुशाल समजा. सार्वजनिक ठिकाणी सरकारच्या लेखी परवानगीशिवाय वेगाची शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ लागतं. २०१९ च्या दुरुस्तीपासून तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा सापडलात तर वर्षापर्यंत आत. पण कायदा बाजूला ठेवा. तो रस्ता तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघता. हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून चढालाच लागतात, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. वंटमुरी घाटात तर ते चालतायत की उभे आहेत हेच लांबून कळत नाही. १४० च्या वेगात सेकंदाला ३९ मीटर जातात. ट्रॉली दिसून बोट ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद, नंतर उत्तम टायर, उत्तम एबीएस आणि कोरडा रस्ता असला तरी थांबायला आणखी शंभर मीटर. आमच्या लेआउटमध्ये धावेनंतर थांबायला मोकळा रस्ता राखला होता आणि टोकाला माणूस उभा होता. हायवेवर टोकाला कोण उभं राहणार?

खरंच लांब पळवायचंय तर कोल्हापूरला हुपरीजवळ मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक आहे, निपाणीहून तर तुम्हाला आमच्यापेक्षा जवळ. तिथे वळणं आहेत, त्यामुळे कदाचित तुमच्या आरसीचं खरं रूप तिथेच दिसेल. मला स्वतःला सरळ रेषेपेक्षा वळणात ती जास्त आवडते. पुढचं चाक कुठे आहे हे ती हाताला सांगत राहते. बदल्यात मनगटं आणि कंबर मागते, हा भाग वेगळा.

शेवटी तुम्ही विचारलंत, भावाची पल्सर आरएस २०० घेऊन आलो तर चालेल का. चालेल कशाला, पळेलच, आणि तुमच्या आरसीसमोर तीच खरी जोडी आहे. दोन्हींचं इंजिन १९९.५ सीसीचं, आरएसची ताकद २४.५ पीएस म्हणजे नखभर कमी, वजन पाच-सहा किलो जास्त. आरसीत डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, आरएसमध्ये एक कॅमशाफ्ट आणि तीन स्पार्क प्लग. चालवणारे बदलून पळवल्या तर निकाल काय लागेल हे मी आज छातीठोक सांगू शकत नाही, म्हणून मलाही बघायचंय. पावसाळा संपू दे, लेआउटचा मालक हो म्हणालाय. अटी त्याच: हेल्मेट, जॅकेट, हातमोजे आणि बूट असल्याशिवाय चावी लावायची नाही, अठराच्या आतलं कुणी आणायचं नाही, दोन्ही गाड्यांचे टायर तिथेच सारख्या हवेचे करायचे, एक्झॉस्ट कंपनीचा परत बसवून यायचं. आणि भावाला सांगा, येण्याआधी आरएसची चेन ताणून घे. जोखायला काटा सांगून ठेवलाय, तुम्हा दोघांनाही त्यावर चढावं लागणार.