रुद्रपूरला जा, नाहीतर सही करा

माणूस काढायचा असेल तर सरळ काढा ना. हिशेब करा, चेक फाडा, तोंडावर सांगा की धंदा बसलाय, आता तुम्ही नको. आम्ही शिव्या देऊ, चार दिवस गेटवर बसू आणि मग दुसरीकडं काम बघू. बेळगावच्या उद्यमबागेत न् मच्छेत, कारखान्यांच्या ह्या वसाहतींत, हे बघतच आम्ही मोठे झालोय. ऑर्डरी आटल्या की शिफ्ट कमी, शिफ्ट कमी झाली की माणसं कमी. वाईट वाटायचं, पण त्यात लबाडी नव्हती. आता जे नाटक सुरू झालंय त्यानं मात्र डोकं फिरतंय. हातात बदलीचं पत्र ठेवतात : 'व्यवसायाच्या गरजेनुसार आपली सेवा रुद्रपूर युनिटकडे वर्ग करण्यात येत आहे. सात दिवसांत रुजू व्हावे.' संपलं. खाली सही, शिक्का.

रुद्रपूर कुठं, तर उत्तराखंडात. बेळगावात गोवा एक्स्प्रेस धरायची, दोन रात्री गाडीत काढायच्या, निजामुद्दीनला उतरायचं आणि तिथनं परत पुढं बस. आणि पाठवतायत कुणाला? फेटलिंग शॉपमध्ये, म्हणजे ओतलेलं कास्टिंग साफ करायच्या खात्यात, बावीस वर्षं घालवलेल्या बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या माणसाला. शॉपमध्ये त्यांना सगळे मामाच म्हणतात. कास्टिंगला चिकटलेले जादा धातूचे तुकडे, म्हणजे रनर-रायझर, तोडायचे, ग्राइंडर मारायचा, हात फिरवूनच सांगायचं की ह्या पीसला आत ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी, असणार. आणि मशीनिंगला गेल्यावर ते निघायचंच. आता गंमत ऐका. रुद्रपूरला फाउंड्रीच नाही! तिथं नुसती असेंब्ली आहे. जिथं कास्टिंग ओतलंच जात नाही तिथं फेटलिंगवाला कशाला पाहिजे? पत्र टाइप करणाऱ्याला हे माहीत नसेल का? चांगलं माहीत आहे. मामांनी तिथं जावं म्हणून ते पत्र नाहीच मुळी. त्यांनी जाऊ नये म्हणून आहे.

मामांना काचेच्या केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला. टेबलावर दोन कागद. एक बदलीचा. दुसरा राजीनाम्याचा, तोही आधीच टाइप केलेला, 'वैयक्तिक कारणास्तव' वगैरे सगळं लिहून तयार, फक्त तारीख आणि सही कोरी. 'मामा, जबरदस्ती काही नाही हं. तुम्हाला जे सोयीचं वाटेल ते.' वर गोड आवाजात, 'कंपनी तुम्हाला तीन लाख तीस हजार देतीय बघा.'

देतीय? कुणाच्या खिशातनं देतीय?

ह्या आकड्यावर जरा थांबतो, कारण इथंच आमची माणसं फसतात. मामांचा बेसिक-डीए, म्हणजे मूळ पगार अधिक महागाई भत्ता, सव्वीस हजार. ग्रॅच्युइटीचा हिशेब सगळ्या देशात एकच : महिन्याच्या पगाराला सव्वीसनं भागा, पंधरानं गुणा, म्हणजे वर्षाला पंधरा हजार. गुणिले बावीस वर्षं. झाले ३,३०,०००. ही ग्रॅच्युइटी आहे! १९७२ च्या कायद्यापासून चालत आलेला हक्क आहे. पाच वर्षं भरली की राजीनामा दिला तरी मिळते, रिटायर झालं तरी मिळते. ती बावीस वर्षांत मामांनी कमावलेली आहे, कुणी बक्षीस म्हणून देत नाही. आणि जे खरं द्यायला लागलं असतं त्याचं नावसुद्धा केबिनमध्ये कुणी काढलं नाही. कामगाराला कपात म्हणून काढलं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार. ढोबळ धरलं तरी बावीस वर्षांचे अकरा महिने, म्हणजे २,८६,०००. नोटिशीचे २६,००० धरून ३,१२,०००. हे ग्रॅच्युइटीच्या वर! मामांनी त्या दुसऱ्या कागदावर सही केली की हे सगळे वाचले. लेटरहेडचा एक कागद आणि कपभर चहा एवढ्यात तीन लाख बारा हजारांची बचत. असा धंदा गणपत गल्लीतल्या कुठल्या सोनारालाही जमणार नाही.

शिवाय कपात म्हटली की नियम येतात. शेवटी आला तो आधी जाणार, आणि पुढं वर्षाच्या आत भरती निघाली तर काढलेल्याला आधी विचारायचं. बदलीला यातलं काहीच नाही. कारखाना मोठा असेल तर कपातीला सरकारची परवानगीही लागते. पूर्वी ही अट शंभर कामगारांवर होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेनं ती तीनशेवर नेली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू आहे. आमच्या रोलवर, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या हजेरीपटावर, आता तेवढी माणसं उरलेलीच नाहीत. बाकी सगळी कंत्राटदाराची. म्हणजे परवानगीची कटकटही नाही, तरी ह्यांना तीन लाख द्यायला जिवावर येतंय!

कोण जाणार ह्याची यादी कशी बनते ते बघा. मागं मेडिक्लेमचा फॉर्म भरून घेतला होता. आई-वडील कोण सांभाळतं, कुणाला काय आजार, मुलं कितवीत, घर स्वतःचं की भाड्याचं. आमच्या लोकांनी भाबडेपणानं सगळं भरलं. पुरावा माझ्याकडं नाही, पण यादी बघा आणि तुम्हीच सांगा. ज्याच्या आईचं आठवड्याला डायलिसिस, तो यादीत. ज्याची पोरगी दहावीत, तो यादीत. ज्याची शेती येळ्ळूर-धामण्यात, तो यादीत. बिनलग्नाची, रूमवर राहणारी, 'सर मला पाठवा' म्हणणारी पोरं आहेत आमच्याकडं, त्यातला एकही नाही! माणसांची खरोखर गरज असती तर आधी त्यांना विचारलं असतं. ज्याचे पाय इथं जास्त रुतलेत त्यालाच उपटायचं, म्हणजे तो तुटणार हे नक्की.

स्टोअरमधल्या एक ताई. वडगावच्या. नवरा घरच्या पॉवरलूमवर, धंद्याची काय कळा आहे ती वडगाव-खासबागला विचारा. घरात नियमित येणारा पगार ताईंचाच. त्यांना होसूरला टाकलं, तामिळनाडूत. रात्री राणी चन्नम्मा एक्स्प्रेस धरून सकाळी बेंगळुरू, तिथनं पुढं. पोरगी चौथीत, मराठी शाळेत. होसूरला कुठली मराठी शाळा काढायची? ताईंनी त्याच संध्याकाळी सही केली. पत्रात राहण्याची सोय नाही, सामान हलवायचा खर्च नाही, पगारात एक रुपया वाढ नाही. आणि काय आहे? 'रुजू न झाल्यास गैरहजर समजण्यात येईल.' ते मात्र ठळक अक्षरांत.

आता आमच्यातलेच शहाणे. कट्ट्यावर बसून म्हणतात, 'बदली तर बदली, जा की. फौजी लोक जात नाहीत काय?' बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, गावोगावी घरटी फौजी आहे, म्हणून हा दाखला लगेच तोंडात येतो. अरे बाबा, फौजीला राशन मिळतं, सुट्टीला यायला रेल्वेचं वॉरंट मिळतं, आणि मुख्य म्हणजे त्याला सियाचीनला पाठवतात ते तिथं माणूस पाहिजे म्हणून. तो कंटाळून राजीनामा देईल म्हणून नाही पाठवत! सरकारी मास्तरची बदली झाली तर रुजू व्हायला मुदत मिळते, प्रवासभत्ता मिळतो. आणि लांब जायला आम्ही भितो असं कुणी म्हणत असेल तर त्यानं शुक्रवारी रात्री पुण्याहून बेळगावला येणाऱ्या गाड्या बघाव्यात. निम्मा हिंडलगा आणि कंग्राळी तिकडं नोकरीला आहे. स्वतःच्या मर्जीनं, पगार बघून गेलेत. प्रश्न किलोमीटरचा नाहीच.

आणि आम्हा सीमाभागातल्या लोकांना तर ह्याचं हसू पण येतं. १ नोव्हेंबर १९५६ पासून आमचं गाव ह्या राज्यात की त्या राज्यात यावर भांडण चाललंय. मोर्चे झाले, लाठ्या खाल्ल्या, २००४ पासून केस सुप्रीम कोर्टात आहे. दोन सरकारांना बेळगाव इकडचं तिकडं करता आलेलं नाही. आणि कंपनीचा एक असिस्टंट मॅनेजर सात दिवसांत बेळगावच्या माणसाला उत्तराखंडात नेऊन टाकतोय!

'मग लेबर ऑफिसात जा की' असं सांगणारे पण आहेत. जायचंच आहे. कायद्यात हे लिहिलेलंही आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात अनुचित कामगार प्रथांची यादी होती, त्यात स्पष्ट होतं : धोरणाच्या नावाखाली दुष्ट हेतूनं कामगाराची एका जागेवरून दुसऱ्या जागी बदली करणं. नव्या संहितेतही ते कलम तसंच आलंय. पण 'दुष्ट हेतू' सिद्ध कुणी करायचा? ज्याची बदली झाली त्यानं. आणि वकील पहिल्यांदा काय सांगतात? 'आधी निषेध नोंदवून रुजू व्हा, मग भांडा.' कारण अपॉइंटमेंट लेटरमध्ये बारीक अक्षरांत 'देशात कुठेही' असं लिहिलेलं असतं आणि त्यावर आपली सही असते. म्हणजे ज्याला जाताच येत नाही त्यानं जाऊन मग सांगायचं की मला जाता येत नाही. वा! नाही गेला तर कार्ड पंच होत नाही, मशीनवर बोट ठेवलं की लाल दिवा. मग पोस्टानं एक पत्र, दुसरं पत्र, तिसरं पत्र, आणि शेवटी 'तुम्ही स्वतःहून काम सोडून गेलात.' माणूस रोज गेटसमोर उभा आणि कागदावर बेपत्ता!

त्यात आणखी एक मेख. मागं आमच्या जुन्या लोकांना सगळ्यांना एकदम 'सुपरवायझर' केलं. नवीन निळा शर्ट, गळ्यात नवीन पट्टा. पगार वाढला सातशे रुपये. मामांनी शॉपभर कुंदा वाटला होता. तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही की नव्या संहितेत अठरा हजारांवर पगार असलेला सुपरवायझर 'कामगार' ह्या व्याख्येतच बसत नाही. आता लेबर ऑफिसात पहिलं वाक्य हेच येणार, 'साहेब, हे तर सुपरवायझर, हे कामगारच नाहीत.' कोर्ट हुद्दा बघत नाही, प्रत्यक्ष काम बघतं, हे खरं. मामांच्या हातात शेवटच्या दिवशीपर्यंत ग्राइंडरच होता, नखांत काळी पूड होती, हेही खरं. पण ते सिद्ध होईपर्यंत किती तारखा पडणार, आणि तोपर्यंत घर कशावर चालणार? कंपनीच्या वकिलाला तारखेचे पैसे मिळतात. मामांना तारखेला जायला रिक्षाचे पैसे घालावे लागतात.

सगळ्यात जास्त राग कुणाचा येतो सांगू? वरच्या साहेबांचा नाही. ते पुण्यात की मुंबईत बसतात, त्यांना आम्ही एक्सेलमधली ओळ. राग येतो तो केबिनमधल्या आपल्याच पोराचा. इथलाच, इथल्याच कॉलेजात शिकलेला, जत्रेला मामांच्या घरी मांडी घालून मटण जेवून गेलेला. त्याला माहीत होतं की मामांचे वडील अंथरुणाला खिळलेत. मामांनी स्वतःच जेवताना सांगितलं असणार. आणि तोच म्हणतोय, 'मामा, मी तरी काय करू, वरून आलंय.' अरे वरून आलं, मान्य. पण दुसरा कागद टाइप कुणी केला?

आणि निर्लज्जपणा बघा, ताई गेल्या त्याच्या दुसऱ्या आठवड्यात कंपनीच्या पेजवर फोटो. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, खाली 'पुढील वाटचालीस शुभेच्छा'. कसली वाटचाल? खाली अंगठे आणि टाळ्या ठोकणाऱ्यांत आमच्याच शॉपमधले लोक. उद्या त्यांची पाळी आली की बघू किती टाळ्या वाजतात.

ज्यांना अजून पत्र आलेलं नाही त्यांनी एवढं तरी करा. केबिनमध्ये एकट्यानं जाऊ नका. दुसऱ्या कागदावर सही करू नका, कितीही चहा पाजला तरी. बदलीचं पत्र घेताना खाली 'निषेध नोंदवून स्वीकारले' लिहा आणि तारीख घाला. घरची अडचण लेखी द्या, पोच घ्या. रोज गेटवर जा आणि गेलात त्याचा फोटो ठेवा. मामांनी सही केलेली नाही, म्हणून अजून भांडण उभं आहे.

आणि ह्या सगळ्यावर कळस म्हणजे परवाचा फोन. लेबर कंत्राटदाराचा. मामांनी स्पीकरवर टाकला. 'मामा, तुमच्याच शॉपात माणूस पाहिजे हाय. फेटलिंगला. चौदा हजार देतो. उद्यापास्नं या.' तीच कंपनी, तेच शॉप, तोच ग्राइंडर. मामा जरा गप्प राहिले, मग म्हणाले, 'इथं काम संपलंय म्हणून मला रुद्रपूरला धाडालेत, आन् तू इथंच काम हाय म्हणालास? जा, आधी त्या केबिनमधल्याला विचारून ये.'