टाइमशिफ्ट चालू आहे म्हणजे बॅकअप झाला, हे कुणी सांगितलं?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या आत्तेभावाचा टॉवेलचा कारखाना आहे. जकार्डची डिझाइनं, पार्ट्यांची बिलं, सगळं एका लिनक्स मिंटच्या (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी सिस्टिम) मशीनवर. त्यात टाइमशिफ्ट नावाचं साधन असतं: ते सिस्टिमच्या त्या त्या वेळच्या प्रती, म्हणजे स्नॅपशॉट, ठेवतं आणि बिघाड झाला की मागच्या प्रतीवर नेतं. बाहेरची हार्ड डिस्क घ्यायचं ठरलं होतं, ते त्याने व्हॉट्सॲपवरचा एक मेसेज वाचून रद्द केलं. मेसेज असा: 'लिनक्सला व्हायरस लागत नाही. टाइमशिफ्ट चालू करा, वेगळा बॅकअप नको. फारच काळजी वाटली तर चालू मशीनवरून डीडी या कमांडने अख्ख्या डिस्कची प्रत उचला.' हेच पुढे पाठवणाऱ्यांनी निदान टाइमशिफ्टची माहिती तरी वाचायची!

टाइमशिफ्ट बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय, की हे साधन सिस्टिमच्या फायली आणि सेटिंग जपण्यासाठी आहे, तुमचा डेटा जपण्यासाठी नाही. मुळात आपल्या फायलींचं होम फोल्डर त्यात धरलेलंच नसतं, आणि डिझाइनं नेमकी तिथेच असतात. कुणी म्हणेल, होम आत घेऊ. मग अपडेट बिघडलं म्हणून मागच्या सोमवारच्या स्नॅपशॉटवर गेलात, की बिलंही सोमवारची होणार. त्यानंतरचं काम गेलं. शिवाय स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतील तर डिस्क मेली की तेही मेले. बीटीआरएफएस (डिस्कवर फायली मांडायची एक पद्धत) वापरत असाल तर स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतात, दुसरीकडे ठेवायची सोयच नाही.

अपडेटनंतर मशीन सुरू होईना तर टाइमशिफ्ट वाचवतं, एवढं मान्य. पण लिनक्स काय, पुन्हा फुकट टाकता येतं. डिझाइन कुठून आणणार?

व्हायरसचं म्हणाल तर जून २०१७ मध्ये एरेबस या रॅन्समवेअरने (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) दक्षिण कोरियातल्या नायाना कंपनीचे १५३ लिनक्स सर्व्हर अडकवले. कंपनीला सुमारे १० लाख डॉलर मोजावे लागले.

डीडीबद्दल एवढंच: डिस्कवर लिहिणं चालू असताना घेतलेली प्रत अर्धी जुनी, अर्धी नवी निघते. उचलायचीच तर मशीन लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवरून) सुरू करून उचला.

भावाला सांगितलंय, डिस्क घेच. बॉर्ग किंवा रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रॅमने रोज होमची प्रत घे, म्हणजे चुकून पुसलेल्या फायलीची जुनी आवृत्तीही सापडेल. प्रत झाली की डिस्क काढून घरी ने. आणि महिन्यातून एकदा तिच्यातलं एखादं डिझाइन दुसऱ्या मशीनवर परत आणून उघडून बघ.