छर्रे कुणाचे, चर्च कुणाचं?

नमस्कार. इंग्लंडातल्या सफोकमधल्या ब्लायबरा गावच्या जुन्या चर्चवरच्या माझ्या लेखावर तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वहीत टिपणं काढली. तुमचे आक्षेप तीन: छपराच्या लाकडी देवदूतांवर प्युरिटनांनी (चर्चमधल्या मूर्ती-चित्रांना विरोध करणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंटांनी) गोळ्या झाडल्या हे मी बेधडक लिहिलं, पूर्वेकडच्या भागाला 'गाभारा' म्हटलं, आणि 'गावाने बांधलेलं चर्च' हा माझा भाबडेपणा, कारण पैसा जमीनदारांचा आणि लोकरीच्या व्यापाऱ्यांचा.

पहिला आक्षेप निमूट मान्य. चर्चमधल्या मूर्ती-चित्रं मोडत फिरणारा प्युरिटन विल्यम डाउझिंग एप्रिल १६४४ मध्ये तिथे आला होता आणि वीस देवदूत उतरवायची नोंद त्याने स्वतःच्या रोजनिशीत केली आहे, एवढं खरं. पण लाकडात रुतलेले छर्रे नंतरचे. अठराव्या शतकात छपरात जॅकडॉ, म्हणजे कावळ्याचीच धाकटी भावंडं, फार माजली होती आणि ती मारायला चर्चनेच पैसे मोजले. देवदूत मधे आले, इतकंच. धर्मयुद्धाची गोष्ट सांगायला बरी वाटते, म्हणून मी ती तपासली नाही.

'गाभारा' मात्र मी मागे घेणार नाही. तिथे मूर्ती नसते हे मलाही ठाऊक आहे. पण मधे कोरीव लाकडी पडदा, पलीकडे वेदी आणि पाद्री, अलीकडे उभे गावकरी, वर क्रूसावरचा ख्रिस्त आणि दोन्ही बाजूंना मेरी व जॉन, ही रचना मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एका शब्दात उभी करायची तर दुसरा शब्द सुचवा, आनंदाने वापरेन.

शिवाय हा पडदा नुसता भक्तीचा नव्हता, खर्चाचाही होता. इंग्लंडात तेराव्या शतकापासून रूढ झालेला नियम असा: वेदीकडचा भाग सांभाळायचा तो धान्याचा दशांश घेणाऱ्याने, आणि लोक उभे राहतात तो भाग सांभाळायचा लोकांनी. ब्लायबराला दशांश जायचा शेजारच्या मठाकडे. म्हणूनच कितीतरी गावांत चर्चचा लोकांकडचा भाग उंच आणि भरपूर खिडक्यांचा दिसतो, तर वेदीकडचा जुनाट, बुटका. हा नियम अजून पुरता मेलेला नाही. अ‍ॅस्टन कँटलो गावच्या एका जोडप्याकडे शेतजमिनीबरोबर हे दायित्व आलं, आणि २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, त्यांना दुरुस्तीचा खर्च भरायला लावला!

आता पैशाचं. सफोकमधल्याच लॅव्हनमबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर. तिथे कापडव्यापारी थॉमस स्प्रिंगने मृत्युपत्रात मनोऱ्यासाठी २०० पौंड ठेवले. ब्लायबरालाही जॉन हॉप्टन या जमीनदाराची कबर वेदीजवळ ऐटीत उभी आहे. पण तेवढ्यावरून सगळीकडचा हिशेब मांडू नका. डेव्हनमधलं मोरबाथ बघा. तीसेक घरांचं गाव, एक्समूरच्या कडेला. तिथला व्हिकर, म्हणजे गावचा पाद्री, ख्रिस्तोफर ट्रिकी १५२० पासून १५७४ पर्यंत हिशेब लिहीत होता, आणि त्या वह्या टिकल्या आहेत. तिथे संतांच्या मालकीच्या मेंढ्या होत्या! त्या गावकऱ्यांच्या कळपांत वाटून दिलेल्या असायच्या. लोकर विकून आलेल्या पैशातून त्या त्या मूर्तीपुढची मेणबत्ती जळायची. तरुण मुलांचा फंड वेगळा, मुलींचा वेगळा. बिअर गाळून विकायची, नफा चर्चला. श्राद्धाच्या प्रार्थनेसाठी काळी वस्त्रं हवीत म्हणून ट्रिकी वीसेक वर्षं पै पै साठवत होता. १५४७ मध्ये ती एकदाची आली, आणि दोन वर्षांत प्रोटेस्टंटांचं नवं प्रार्थनापुस्तक येऊन ती प्रार्थनाच बंद झाली. मूर्ती गेल्या, मेंढ्या विकल्या गेल्या. पुढे कॅथलिक मेरी राणी गादीवर आली तेव्हा घराघरांतून चर्चचं सामान परत आलं. कुणी कुणी काय जपून ठेवलं होतं, तेही ट्रिकीने लिहून ठेवलंय. ही माणसं जमीनदार नव्हती.

ब्लायबराच्या पांढऱ्या भिंती 'प्रसन्न' वाटल्या असं मी लिहिलं होतं. तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत, पण मला तीच ओळ जास्त खटकते. चुना हा नंतरचा थर आहे, प्रोटेस्टंट काळात जुनी चित्रं झाकायला फासलेला. जवळच्याच वेनहॅस्टनला १८९२ च्या दुरुस्तीत चुना फासलेल्या जुन्या फळ्या टाकाऊ म्हणून बाहेर अंगणात काढून ठेवल्या. रात्री पाऊस आला. सकाळी चुना धुऊन खाली अंतिम न्यायाचं चित्र: सेंट पीटरपुढे उघडेनागडे जीव रांगेत, अंगावर चिंधी नाही, पण राजाच्या डोक्यावर मुकुट आणि बिशपच्या डोक्यावर बिशपची टोपी शाबूत. हुद्दा कळायला तेवढं पुरे. कुठल्या जमीनदाराला हे चित्र गैरसोयीचं वाटलं असेल, हा विचार तुमच्यासाठी सोडतो.

छर्‍यांचा परिच्छेद आजच दुरुस्त केला आहे. बाकांच्या टोकांवर कोरलेल्या सात पापांचे फोटोही टाकतोय, त्यातला अंथरुणातून न उठणारा आळस मोठा करून पाहा. नाक तुटलंय, पण तो अजून झोपलेलाच आहे.