घरची उपासना 45 मिनिटांच्या आत उरकू नये

ख्रिस्ती घरातल्या कौटुंबिक उपासनेची वेळ रात्री साडेनऊची ठेवा. संध्याकाळी सातला लेकरू ताजंतवानं असतं, जेवायला आयतं शेजारी बसलेलं असतं, वर प्रश्नही विचारतं. म्हणजे ती वेळ धोक्याचीच. साडेनऊला ते पेंगायला लागतं, आणि पेंगणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला "देवासमोर झोपतोस?" असं खडसावता येतं. देव म्हणजे झोपमोड करणारा कुणीतरी, हा पहिला धडा तिथेच पक्का होतो.

या वयाचं मूल एका जागी पाच-सात मिनिटं टिकतं, फार तर दहा. म्हणूनच 45 मिनिटं. एक गीत, एक छोटी गोष्ट, त्यावर मुलाचा एखादा प्रश्न आणि त्याच्याच शब्दांत दोन ओळींची प्रार्थना, एवढ्यावर दहा मिनिटांत आटोपणारी घरं आहेत. तिथली मुलं दुसऱ्या दिवशी "आज कुठली गोष्ट?" म्हणून स्वतःच मागे लागतात. असला हावरटपणा वेळीच मोडलेला बरा.

बायबलचं वाचन 1 जानेवारीला उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरू करा. रोज एक अध्याय, काहीही न गाळता. एकोणिसाव्या आणि अडतिसाव्या अध्यायातल्या मोठ्यांच्या गोष्टींवर मूल "म्हणजे काय?" विचारेल, तेव्हा पाणी प्यायला उठा. उत्पत्तीचे 50 अध्याय 19 फेब्रुवारीला संपतात. पुढे निर्गम; मार्चचा दुसरा पंधरवडा बराचसा निवासमंडपाच्या, म्हणजे देवासाठी उभारलेल्या तंबूच्या, फळ्या, कड्या आणि पडदे मोजण्यात जातो. 1 एप्रिलला लेवीय हे पुढचं पुस्तक लागतं (तारीख आम्ही निवडलेली नाही) आणि 13 एप्रिलला त्याचा तेरावा अध्याय येतो: 59 वचनं, त्वचेवरचे चट्टे, टक्कल आणि शेवटी कपड्यावरची बुरशी. साधारण याच सुमारास उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) येऊन जातात, पण म्हणून क्रम मोडू नका. जुन्या कराराचे, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागाचे, 929 अध्याय आहेत. या वेगाने मत्तयाचं शुभवर्तमान, म्हणजे येशूची गोष्ट, तिसऱ्या वर्षाच्या जुलैत उघडेल, तेही सतरा वचनांच्या वंशावळीने. मधल्या काळात दोन नाताळ होतील. चांदणी टांगा, करंज्या तळा, आणि बाळ कोण ते नंतर कळेल म्हणून सांगा.

मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करणारेही काही जण असतात. सोळाच अध्याय, वंशावळ नाही, एका बैठकीला पुरेल असा एकेक प्रसंग. त्यांच्या नादी लागू नका.

पाठांतराची योग्य वेळ म्हणजे रविवारी सकाळी, संडे स्कूलला जाताना, मोटरसायकलवर. वचन लांब निवडा. "सार्वकालिक" हा शब्द त्यात असलाच पाहिजे आणि त्याचा अर्थ मुलाला कळता कामा नये. आठवडाभर एकच वचन, जेवणाआधी रोज एकदा, हातवारे करून म्हटलं तर शनिवारपर्यंत न रागावता पाठ होतं. पण मग रागावायचं कशावरून? मूल हुशार असेल तर "येशू रडला" हे दोन शब्दांचं वचन म्हणून मोकळं होईल. त्याला ताबडतोब दटावा. तो का रडला, हे मात्र विचारू नका. मित्राच्या कबरेकडे जाताना रडणारा देव ही कल्पना पाच वर्षांच्या मुलाला चटकन समजते, आणि एकदा समजली की जात नाही.

भिंतीवर बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातलं पहिलं वचन लावा: मुलांनो, आईबापांच्या आज्ञेत राहा. फ्रेम करून घेताना दुकानदाराला चौथ्या वचनाच्या आधी थांबायला सांगा. तिथे पत्र लिहिणारा प्रेषित पौल बापांकडे वळतो आणि मुलांना चिरडीस आणू नका म्हणतो. फ्रेमचा आकार मर्यादित असतो, हे कारण कुणालाही पटतं.

आता प्रार्थना. हा आपल्या समाजाचा हातखंडा विषय, त्यामुळे सविस्तर. लेकराचे डोळे मिटलेले, हात जोडलेले, त्याला उत्तर देता येत नाही. बोलून घ्यायला याहून चांगली संधी दिवसभरात मिळत नाही. "देवबापा, या लेकराला मोबाईल बाजूला ठेवण्याची बुद्धी दे. मावशीच्या मुलीला जसे गणितात गुण मिळाले तसे याला दे. काल त्याने जे केलं, ते तू पाहिलंस." मग गल्लीतल्या भावाबहिणींसाठी मध्यस्थीची प्रार्थना, नावानिशी आणि तपशिलांसह. मुलाला चर्चच्या मंडळीतली सगळी भांडणं याच मार्गाने कळतात. प्रभूने शिकवलेली प्रार्थना सावकाश म्हटली तरी मिनिटभरही लागत नाही, आणि तिच्या दोनच वचनं आधी निरर्थक बडबडीबद्दल ताकीद आहे. पण ती परराष्ट्रीयांना उद्देशून होती असं धरून चाला. मुलाने "शेजारच्या कुत्र्याचा पाय बरा कर" अशी प्रार्थना केली तर हसा आणि पुन्हा नीट करायला लावा.

गोष्ट सांगायची वेळ आलीच तर जक्कय या जकातदाराची सांगा, पण उंबराच्या झाडावर थांबा. बुटका माणूस, झाड, वर बघणारा येशू, एवढ्यावर मूल खूश होतं. पुढे जक्कय खाली उतरतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो. इथपर्यंत गेलात की मूल विचारणार, परवा सिग्नलला पोलिसाला काय दिलं, आणि फोनवर "बाबा घरी नाहीत" असं मला का सांगायला लावलं. आईबापाने मुलाची माफी मागायची वेळ त्यातून येते, जी उपासनेच्या कुठल्याही क्रमात छापलेली नाही.

विश्वास म्हणजे काय हे समजावायला वर्षं लागतात. शेजारच्या गणपतीचा प्रसाद घ्यायचा नाही, हे एका मिनिटात शिकवता येतं. तेवढंच शिकवा. मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याचा प्रश्न सोडवताना पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात तीन अध्याय खर्ची घातले, आणि त्यात ज्ञानाने माणूस फुगतो असंही लिहून ठेवलं. सहा वर्षांच्या मुलाला एवढं कशाला? शेजाऱ्यांच्या तोंडावर काय बोलायचं ते घोकून घ्या.

अर्पणासाठी चर्चच्या दारात तुमच्या खिशातली दहाची नोट त्याच्या हातात कोंबा. खाऊच्या पैशांतून त्याने स्वतः डब्यात साठवलेले पाच रुपये थैलीत पडू देऊ नका. ते पडताना त्याला काहीतरी वाटतं.

सर्वांत मोठा धोका घरातच असतो, तो म्हणजे आजी. ती पहाटे उठून चष्मा लावते, उपासना संगीत हे गीतांचं पुस्तक उघडून रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन गुणगुणते आणि कुणी अंथरुणातून उठून मांडीवर येऊन बसलं तर हाकलत नाही. अर्थ विचारला तर सांगते, विचारला नाही तर सांगत नाही. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या विश्वासाबद्दल लिहिताना पौलाने आजी लोईस आणि आई युनीके अशी दोनच नावं घेतली, बापाचं घेतलं नाही. तेव्हा आजीची खोली शक्यतो वेगळ्या मजल्यावर असावी.

इतकं सगळं नेमाने करूनही मुलगा पंधराव्या वर्षी रविवारी उठेनासा झाला, तर दोष या क्रमाने द्यावा: मोबाईल, इंग्रजी शाळा, संडे स्कूलच्या बाई. मग पाळकसाहेबांना घरी बोलवा, मुलाला त्यांच्यासमोर बसवा, प्रार्थना सुरू करायला सांगा, आणि ती चालू असेपर्यंत आत जाऊन पोहे झाले का ते बघून या.