बॉम्ब न मोडता अण्वस्त्रकपात कशी करावी

तुमच्या देशाकडे अण्वस्त्रं आहेत आणि जगाने शांततेचा धोशा लावलाय? करून टाका कपात. बॉम्बला हात लावायची गरज नाही, मोजायचं कसं ते आपण ठरवायचं.

त्यासाठी 'तैनात' हा शब्द घोकून ठेवा. क्षेपणास्त्रावर चढवलेलं अस्त्र तेवढं मोजायचं. तेच उतरवून कोठारात ठेवलं की झालं 'राखीव', म्हणजे हिशेबाबाहेर. २०१० च्या न्यू स्टार्ट करारात अमेरिका आणि रशियाला प्रत्येकी १,५५० तैनात अस्त्रांची मर्यादा होती. त्यातही बॉम्बफेकी विमान म्हणजे एकच अस्त्र! बी-५२ भले वीस क्रूझ क्षेपणास्त्रं नेत असेल, कागदावर एक.

मुदतीचं तंत्र मात्र २००२ च्या मॉस्को करारातून शिकावं. बुश आणि पुतिन यांनी तैनात अस्त्रं १,७०० ते २,२०० वर आणायचं कबूल केलं. कधीपर्यंत? ३१ डिसेंबर २०१२. करार कधी संपणार? ३१ डिसेंबर २०१२! म्हणजे परीक्षेच्याच दिवशी शाळेला कुलूप. तपासणीची तरतूदही नव्हती. पुढे न्यू स्टार्ट आला आणि तो दिवस उजाडायच्या आतच जुना करार निकालात निघाला. याला म्हणतात मुत्सद्देगिरी.

फोटोसाठी काहीतरी फोडावं लागेलच. क्षेपणास्त्रं फोडा. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातल्या १९८७ च्या आयएनएफ करारानंतर, म्हणजे मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरच्या करारानंतर, २,६९२ फोडली, चिरडली, जाळली. त्यांच्यावरचे अणुस्फोटक गाभे आधी काढून घ्यायची मुभा होती, पण फोटोत ते कशाला दिसतंय? आणि अस्त्र खरंच सुटं केलंत तरी प्लुटोनियमचा गोळा, म्हणजे बॉम्बचा गाभा, जपून ठेवा. टेक्सासच्या पॅन्टेक्स कारखान्यात असे हजारो गोळे नीट रचून ठेवलेत.

साठा वाढवायची लहर आली तर ब्रिटन आहेच. १८० वर येऊ म्हणता म्हणता २०२१ मध्ये त्यांनी कमाल मर्यादा २६० केली आणि त्याच दमात सांगितलं, यापुढे आमच्या वापरातल्या साठ्याचा आकडा जाहीर करणार नाही.

दक्षिण आफ्रिकेचा कित्ता चुकूनही गिरवू नका. सहा बॉम्ब तयार होते. आधी सगळे मोडले आणि मग १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष द क्लर्क यांनी संसदेत सांगितलं. ना शिखर परिषद, ना सह्यांचा समारंभ. अशा देशाला पुढच्या कपातीच्या वाटाघाटींना बोलावणार कोण?