काळ-काम-वेगाचं ते 'एकच सूत्र' पाठ करू नका

पोलीस भरती, तलाठी, सरळसेवा, नाशिकमधला कुठलाही तयारीचा ग्रुप उघडा, एक पिवळी इमेज येतेच. "काळ-काम-वेग, फक्त एक सूत्र, बाकी सगळं विसरा." त्यात चार गोष्टी सांगितल्यात. माणसं कितीही असू द्या, दिवसांचा गुणाकार भागिले दिवसांची बेरीज. टाकी गळत असेल तर तास वजा करा. मजुरी दिवसांच्या प्रमाणात वाटा. आणि एका दिवसाचं काम काढणं, लसावि वगैरे हा क्लासवाल्यांनी तास भरायला काढलेला प्रकार आहे.

पहिलं अर्धं बरोबर आहे आणि म्हणूनच लोक फसतात. एक जण 12 दिवसांत करतो, दुसरा 6 दिवसांत, मग 72 भागिले 18, उत्तर 4, करेक्ट. पण ते का येतं तर पहिला रोज 1/12 काम करतो, दुसरा 1/6, मिळून 1/4, म्हणून 4 दिवस. बेरीज कामाच्या वेगाची होते, दिवसांची नाही, दोघांच्या बाबतीत ती बेरीज केली की वर गुणाकार आणि खाली बेरीज आपोआप येऊन बसते एवढंच.

आता तिसरा माणूस आणा. 10, 12 आणि 15 दिवस. इमेजवाल्याच्या हिशोबाने 1800 भागिले 37, म्हणजे जवळजवळ 49 दिवस! अरे जो एकटा 10 दिवसांत उरकतो त्याला दोन मदतनीस दिले तर दीड महिना लागणार? 60 एकक काम धरा (लसावि तो हाच), रोजचे 6, 5 आणि 4, मिळून 15, झालं 4 दिवसांत. आणि एकक बघायची सवय असेल तर आकडे न टाकताच कळतं, दिवस गुणिले दिवस गुणिले दिवस, भागिले दिवस, उत्तर चौरस दिवसात येतंय. चौरस दिवस कोणी बघितलाय का? तिघांचं सूत्र हवंच असेल तर खाली दोन-दोनचे गुणाकार येतात, 120 अधिक 180 अधिक 150, म्हणजे 450, आणि 1800 भागिले 450 पुन्हा 4 च.

गळकी टाकी पटकन उरकतो. नळ 6 तासांत भरतो, गळती भरलेली टाकी 10 तासांत रिकामी करते. इमेज म्हणते 10 वजा 6, चार तास. म्हणजे गळकी टाकी चांगल्या टाकीपेक्षा लवकर भरली. वजा करायचं ते वेगाचं, 1/6 वजा 1/10 बरोबर 1/15, लागतात 15 तास.

मजुरीचा मुद्दा मात्र डोक्यात जातो. दिंडोरीकडे द्राक्षाच्या गोडी छाटणीचं काम दोघांनी मिळून 6000 रुपयांत उक्तं घेतलं असं धरा. एकट्याने केलं तर पहिल्याला 10 दिवस, दुसऱ्याला 15. दोघांनी मिळून 6 दिवसांत संपवलं. इमेजप्रमाणे 10:15, म्हणजे ज्याचा हात झरझर चालतो त्याला 2400 आणि रेंगाळणाऱ्याला 3600. असा हिशोब कुठल्या मुकादमाने टोळीपुढे मांडून दाखवावा, दुसऱ्या दिवशी बागेत कोण येतंय बघू. पहिल्याने 6/10 काम केलं, दुसऱ्याने 6/15, प्रमाण 3:2, म्हणून 3600 आणि 2400, बरोब्बर उलटं. (तसं पुस्तकंही कमी नाहीत, बाईचं काम गड्याच्या निम्मं धरलेलं गणित छापतात, एकदा द्राक्षघडांच्या विरळणीच्या वेळी बागेत जाऊन बघा म्हणावं.)

राहिलं क्लासवाल्यांचं. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे 1150 च्या सुमारास, चार झऱ्यांचं गणित आहे. एक झरा विहीर 1 दिवसात भरतो, बाकीचे 1/2, 1/3 आणि 1/6 दिवसात, सगळे एकदम सोडले तर किती वेळ? दिवसाला 1, 2, 3 आणि 6 विहिरी, एकूण 12, म्हणून 1/12 दिवस. आणि त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आपल्या शेजारीच चाळीसगावजवळ पाटण्याला आहे, तेव्हा ही पद्धत कोणी काल क्लासच्या फळ्यावर काढली असं नका सांगू.

आणि परीक्षेत नुसतं "दोघे मिळून किती दिवस" विचारून कोण सोडतं? विचारतात असं, की अ ला 10 दिवस, ब ला 15, दोघांनी सुरू केलं, 2 दिवसांनी अ निघून गेला, एकूण किती दिवस लागले. सूत्र 6 म्हणतं आणि गप्प बसतं, तो निघून गेल्याचं त्याला कळतच नाही. 30 एकक काम, अ चे रोज 3, ब चे 2, दोन दिवसांत 10 संपले, उरलेले 20 ब ला एकट्याला 10 दिवस, एकूण 12.