कमीत कमी खर्चाचा मार्ग

सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात आम्हा प्राध्यापकांच्या मानगुटीवर कोर्स फाईल बसते. मी डीएए शिकवते, म्हणजे डिझाइन अँड ॲनालिसिस ऑफ अल्गोरिदम्स; अल्गोरिदम म्हणजे कॉम्प्युटरला प्रश्न सोडवायला दिलेली पायरीवार कृती. या फाईलीत विषयाची उद्दिष्टं, हजेरीचा नियम, सबमिशनच्या तारखा, कॉपीबद्दलची कलमं, गुणांची विभागणी असं सगळं असतं. विद्यार्थी ती वाचत नाहीत. मूल्यांकन समितीही वाचत नाही, नुसती पानं उलटते; मात्र उलटताना एखादा चौकोन रिकामा दिसला की तिथे बोट ठेवते.

चौकोन म्हणजे सीओ-पीओ (कोर्स आउटकम-प्रोग्रॅम आउटकम) मॅपिंग. माझ्या विषयातलं कुठलं उद्दिष्ट पदवीच्या कुठल्या उद्दिष्टाला किती हातभार लावतं, ते 3, 2 किंवा 1 आकडा घालून दाखवायचं. ‘पर्यावरण आणि शाश्वतता’ असाही एक रकाना होता. तिथे मी रेघ मारली होती. एचओडी, म्हणजे विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, “एक तरी घाला हो, रिकामं दिसतं.” मग मी 1 घातला. त्याचं लेखी समर्थनही द्यावं लागतं, तेही दिलं: कार्यक्षम सॉर्टिंगमुळे विजेची बचत होते. मॅडमना ते इतकं आवडलं की त्यांनी 2 करायला सांगितलं.

हे झाल्यावर खरी नियमावली. इतकी वर्षं ती लिहून माझं एक पक्कं मत झालंय. ज्या मुलांना पेपरात साधा अल्गोरिदम सुचत नाही, तीच मुलं माझ्या नियमांवर तो बिनचूक चालवतात. गेल्या वर्षी एका मुलाने मिनी प्रोजेक्ट म्हणून ॲप आणलं. टाइमटेबल आणि आजवरची हजेरी भरली की पंचाहत्तर टक्के सांभाळून कुठलं लेक्चर बुडवता येईल, ते ॲप सांगतं. त्याने डेमो दाखवला. हिरव्या पट्टीत अक्षरं उमटली: ‘डीएए, बुधवार, दुपारी अडीच. न गेल्यास चालेल.’

“यामागचं लॉजिक काय?” मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

“सोपंय मॅम. प्रत्येक लेक्चरला उपयोगाचे पॉइंट दिलेत. ज्याचा उपयोग सगळ्यात कमी, ते आधी उडवायचं.”

ही चोख ग्रीडी पद्धत झाली: पुढचा विचार न करता दर पायरीला समोरचं सगळ्यात सोयीचं निवडायचं. तीच इनसेमला, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेला, पाच मार्कांना विचारली होती, आणि या पठ्ठ्याने तो प्रश्न ऑप्शनला टाकला होता.

ट्रॅव्हलिंग सेल्समनचा प्रश्न मात्र कोणी ऑप्शनला टाकत नाही, कारण तो बिचारा सगळ्यांना ओळखीचा वाटतो. सगळी गावं एकेकदा फिरून कमीत कमी खर्चात घरी परतायचं, तर कुठल्या क्रमाने फिरावं, असा तो प्रश्न. एका उत्तरपत्रिकेत मी वाचलं होतं की सेल्समनला गावोगाव फिरावं लागतं, त्यात त्याचे पैसे आणि तब्येत दोन्ही खर्ची पडतात, आणि म्हणूनच हल्ली ऑनलाइन खरेदी वाढली आहे. आता वीस गावं घेतली आणि निघायचं ठिकाण ठरलेलं असलं, तर फिरण्याचे क्रम होतात 19 फॅक्टोरियल, म्हणजे अठरा अंकी संख्या. 1962 मध्ये हेल्ड आणि कार्प यांनी, आणि स्वतंत्रपणे बेलमन यांनी, एकदा काढलेलं उत्तर जपून ठेवून पुन्हा पुन्हा वापरायच्या पद्धतीने हेच काम सुमारे बेचाळीस कोटी पायऱ्यांवर आणलं. डायनॅमिक प्रोग्रॅमिंगची ही कमाल मी फळ्यावर तासभर रंगवून सांगते आणि वर्ग जांभया देतो.

त्याच वर्गाचं जर्नल तपासायला घ्या. ‘चर्चा एकत्र करा, लिहा मात्र स्वतःचं’ हे माझं कलम तीन. नॅपसॅकच्या प्रॅक्टिकलला, म्हणजे वजनाची मर्यादा असलेल्या पिशवीत जास्तीत जास्त नफ्याच्या वस्तू भरायच्या प्रश्नाला, वजनं 10, 20, 30. नफा 60, 100, 120. पिशवीची मर्यादा 50. इंटरनेटवर सगळीकडे हेच उदाहरण फिरतं. उत्तर 220. पहिल्या फाईलीत 220, दुसऱ्या फाईलीत 220, पुढे गठ्ठा संपेपर्यंत 220. कुणीतरी एकदा उत्तर काढलं, ग्रुपवर जपून ठेवलं, बाकीच्यांनी उचललं. बेलमनसाहेबांना गहिवरून आलं असतं. एकाने तेवढी वेगळी वाट धरली होती. त्याने मर्यादा 40 केली होती आणि खाली आउटपुट चिकटवला होता 220. चाळीसमध्ये 180च्या वर काही बसत नाही. त्याला बोलावलं, तर म्हणाला, “मॅम, निदान मी बदल तरी केला.” या युक्तिवादाला माझ्या नियमावलीत कलम नाही.

यंदा एआयबद्दलचं कलम नव्याने घालावं लागलं. कारण एका जर्नलमध्ये निष्कर्षाखाली, सुबक टाइपात, ही ओळ छापून आली होती: ‘तुम्हाला हवं असल्यास मी हाच प्रोग्रॅम सी प्लस प्लसमध्येही करून देऊ शकतो.’ मी खाली लाल शाईने ‘हो, द्या’ लिहून सही केली. दुसऱ्या दिवशी सी प्लस प्लसमधला प्रोग्रॅम आला. त्याच्या शेवटी पायथॉनची ऑफर होती.

पहिल्या लेक्चरला मी नियम सांगत बसत नाही, गोष्टी सांगते. मुलांना वाटावं की विषयात जीव आहे. एमआयटीत 1951 साली फानो नावाच्या प्राध्यापकांनी वर्गाला पर्याय दिला होता: टर्म पेपर लिहा, नाहीतर फायनल परीक्षा द्या. हफमन या विद्यार्थ्याने पेपर निवडला. दिलेला प्रश्न अजून कुणालाच पुरता सुटलेला नाही, हे फानोंनी सांगितलं नव्हतं. हफमन कंटाळून परीक्षेच्या अभ्यासाला लागणार, एवढ्यात त्याला उत्तर सुचलं. ते हफमन कोडिंग, म्हणजे वारंवार येणाऱ्या चिन्हांना छोटे कोड देऊन फाईल आखडायची युक्ती, आज झिप फाईलीत आहे, जेपीईजी फोटोत आहे. एवढं सांगून मी दम घेतला. मागच्या बाकावर हात वर.

“मॅम, म्हणजे त्याला परीक्षा माफ?”

वर्ग खडबडून जागा झाला. मधल्या सुट्टीत सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, सह्यांचं निवेदन घेऊन हजर. एंडसेम परीक्षेऐवजी टर्म पेपर घ्यावा, असा मजकूर. टर्म पेपर म्हणजे काय, हे त्याने सही गोळा करून झाल्यावर मला विचारलं.

दुसरी गोष्ट करात्सुबाची. 1960 साली मॉस्कोत कोल्मोगोरोव यांनी सेमिनारमध्ये अंदाज मांडला की शाळेत शिकवतात त्याहून वेगळ्या पद्धतीने गुणाकार करून फारसं काही वाचायचं नाही. तेवीस वर्षांच्या करात्सुबाने आठवड्याच्या आत अधिक वेगवान पद्धत शोधून तो अंदाज खोटा पाडला. मग कोल्मोगोरोव यांनी स्वतःच निबंध लिहून त्याच्या नावाने छापायला दिला. करात्सुबाला हे कळलं, ते छापील प्रती हातात आल्यावर. जगातल्या एवढ्या मोठ्या गणितज्ञाचं केवढं हे मन! मला दरवेळी हे सांगताना भरून येतं.

“बघा मॅम,” पहिल्या बाकावरची मुलगी हळहळली, “असे गाइड पाहिजेत.”

सेमिस्टर शेवटाला येतं ते ओरलने. एक्स्टर्नल दुसऱ्या कॉलेजातून येतात. पोहे-चहा होतो आणि लॅबबाहेर बोहल्यावर चढायच्या चेहऱ्याने रांग लागते. यंदाच्या सरांनी सुरुवातीला विचारलं, “मर्ज सॉर्टची टाइम कॉम्प्लेक्सिटी?” म्हणजे यादी क्रमाने लावायच्या या पद्धतीला, यादी लांबत गेली की वेळ कसा वाढत जातो. पहिले चार जण छताकडे बघत राहिले. पाचवा आत आला आणि खुर्ची ओढता ओढता म्हणाला, “एन लॉग एन.” सहावाही तसाच. दारातून बाहेर पडणारा प्रत्येक जण ग्रुपवर प्रश्न टाकत होता, हे उघड होतं. सरही मुरलेले. त्यांनी प्रश्न बदलून बायनरी सर्च, म्हणजे क्रमाने लावलेली यादी निम्मी निम्मी करत शोधायची पद्धत, घेतला, तर पुढच्या दोघांनी ठणकावून “एन लॉग एन” सांगितलं, आणि त्यानंतरच्यांनी “लॉग एन”. सर माझ्याकडे झुकून म्हणाले, “मॅडम, तुमच्या मुलांना अपडेट व्हायला दोनच जण लागतात.” त्यांच्या आवाजात चक्क कौतुक होतं. मग त्यांनी दोन्ही प्रश्न आलटून पालटून सुरू केले.

पुढची मुलगी आली, बसली, ओढणी सावरली आणि एका दमात म्हणाली, “मर्ज असेल तर एन लॉग एन, बायनरी असेल तर लॉग एन.”

“अगं, मी अजून विचारलंच नाहीये.”

“हो सर,” ती फाईल सहीसाठी पुढे सरकवत म्हणाली, “पण दोनच केसेस आहेत ना.”